चार आण्याएवढा डाग

चौगुलेबाई चहा नको म्हणाल्या, तेव्हाच आई काय ते समजली. लग्न ठरलेल्या घरी येऊन चहा नाकारणारी विहीण चांगली बातमी आणत नाही.

"उन्हातनं आलाय. घोटभर तरी घ्या," आई म्हणाली.

"नको. बोलून निघायचं हाय." त्यांनी पदर सावरला आणि आप्पांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे बघितलं. "मगदूम, पोरीच्या अंगावर कोड हाय, हे तुमी आमाला सांगितलं न्हाई."

मी आतल्या दाराच्या पडद्यामागे पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. बाहेर जावं की नाही ते कळेना.

"कोड?" आप्पा म्हणाले. "कुणाच्या अंगावर?"

"मंदाकिनीच्या. डाव्या कमरेवर, मागच्या बाजूला. चार आण्याएवढा पांढरा डाग हाय म्हणं."

"ते होय. ते जन्मापासनंच हाय ओ बाई. कोड कुठलं आलंय?"

"कोड असंच सुरू होतंय. आज चार आणे, उद्या रुपया."

"पण तुम्हाला सांगितलं कुणी?" आईने विचारलं.

"ज्यानं सांगितलं त्यानं आमच्या भल्यासाठी सांगितलं. नाव कशाला घ्यायचं?" चौगुलेबाई उठल्या. त्यांचे यजमानही उठले. ते घरात आल्यापासून एक शब्द बोलले नव्हते, बायको बोलली की मान हलवायची एवढंच त्यांचं काम होतं. दारातून बाहेर पडताना बाई म्हणाल्या, "साखरपुड्याची साडी राहू दे पोरीला." एवढा त्यांचा मोठेपणा.

आम्ही जयसिंगपूरचे आणि ते इचलकरंजीचे. चौगुल्यांचे माग होते, अजित एकुलता एक मुलगा. साखरपुड्यानंतर तो दोनदा आमच्याकडे येऊन गेला होता. एकदा स्टँडजवळ आम्ही उसाचा रस प्यायलो. माग बंद पडला की आपल्याला झोपेतही कसं कळतं, हे त्याने मला हातवारे करून सांगितलं आणि मी हसून हसून रस सांडला. मला तो आवडला होता. उगाच आता मोठेपणा घेऊन नव्हता आवडला म्हणण्यात अर्थ नाही.

आमच्या लोकांत लग्नाची चौकशी म्हणजे पहिला प्रश्न शेतीचा आणि दुसरा कोडाचा. मुलगी काळी चालेल, ठेंगणी चालेल, तिरळीसुद्धा जुळवून घेतील, पण घराण्यात कोड नको. एकदा तो शब्द एखाद्या घराला चिकटला, की त्या घरातल्या पोरी तशाच राहतात. आमच्या गल्लीत तशी दोन घरं होती. आईने रात्रीपर्यंत तोंडात पाणीही घेतलं नाही, कारण आमचं घर आता तिसरं होणार होतं.

दुसऱ्या दिवशी आप्पा मला आणि आईला मिरजेला चामडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हातारे होते आणि जरा खेकसायचे. त्यांनी मला पालथं झोपवलं, खिडक्या बंद केल्या आणि एक जांभळा दिवा लावून डाग बघितला. मग खोलीत उजेड करून बोटाने डागाच्या कडेवर चोळलं.

"कधीपासून आहे?"

"जन्मल्यापासनं," आई म्हणाली. "ग्रहणात मी विळी हातात घेतली म्हणून असं झालं, असं सगळे म्हणत्यात."

"सगळ्यांना म्हणू द्या. ग्रहणाचा आणि चामडीचा संबंध नाही." डॉक्टर हात धुवायला गेले. "हे कोड नाही. कोड असतं तर या दिव्यात चुन्यासारखं चमकलं असतं. ही जन्मखूण आहे. या जागी रंग कमी पडलाय, एवढंच. आणि समजा कोड असतं तरी काय बिघडलं असतं? ते काही कुणाला लागत नाही."

"पसरणार न्हाई ना?" आप्पांनी विचारलं.

"पसरत नाही. अंगाबरोबर वाढते तेवढंच. आता हा डाग हिच्या तळहाताएवढा आहे. बाळ होती तेव्हा चार आण्याएवढा असेल. फुगा फुगवल्यावर त्यावरचं चित्र मोठं होतं ना, तसं. आकार तोच राहतो."

मी पालथी पडले होते आणि तशीच पडून राहिले. चार आण्याएवढा. चौगुलेबाईंनी हाच शब्द वापरला होता.

"काढता येईल का?" मी विचारलं. आवाज माझाच होता, पण विचारायचं असं काही मी ठरवलं नव्हतं.

डॉक्टर खुर्चीत बसले. "बघ बाळ, जन्मखुणा सगळ्या एकसारख्या नसतात. लहान बाळांच्या ढुंगणावर निळे डाग असतात, ते आपोआप जातात. काही लाल फुगीर गाठी असतात, त्याही बहुतेक शाळेत जायच्या वयापर्यंत बसतात. काळा, केसाळ, आकार बदलणारा तीळ असला तर तो दाखवावा लागतो, वेळेला कापावाही लागतो. तुझा त्यातला नाही. कोडाची औषधं यावर चालत नाहीत, कारण हे कोडच नाही. मांडीची कातडी काढून इथे लावता येईल. पण मग मांडीवर एक व्रण आणि कमरेवर टाक्यांची चौकट. आज लोक डागाबद्दल विचारतात, उद्या चौकटीबद्दल विचारतील."

"मग काय करू?"

"काही नको. साडी नेसतेस ना? मग विसरून जा."

आप्पांचा चेहरा फुलला होता. त्याच पावली ते इचलकरंजीला गेले. कोड नाही, डॉक्टरांनी दिवा लावून बघितलंय, असं त्यांनी चौगुल्यांच्या सोप्यात बसून सांगितलं. चौगुलेबाईंनी एकच उत्तर दिलं, "डॉक्टरकडं न्यावं लागलं, म्हणजे कायतरी हाय म्हणूनच नेलं की." आप्पा परत आले आणि टोपी खुंटीला न लावता तशीच हातात धरून बसले.

मी मात्र दुसराच हिशेब करत होते. माझा डाग तळहाताएवढा होता. मी सात वर्षांची झाल्यापासून माझी अंघोळ मीच करत होते आणि तो आई सोडून कुणी बघितलेला नव्हता. चार आण्याएवढा तो फक्त त्या माणसाला माहीत असणार, ज्याने मला बाळ असताना बघितलं आणि नंतर कधीच नाही. मी बाळ असताना आई बाळंतरोगाने अंथरुणाला खिळली होती. तेव्हा दोन भावांची चूल एकच होती. रोज सकाळी पाय लांब करून, मला नडग्यांवर पालथं घालून, डाळीचं पीठ लावून न्हाऊ घालायची ती माझी धाकटी काकू. इंदूकाकू.

रात्री मी आईला सांगितलं.

"असेल," आई म्हणाली. तिला माझ्याआधीच कळलं होतं की काय कोण जाणे. "पण तोंड उघडू नको. भावाभावांत फूट पडंल. काकूनं तुला न्हाऊ घातलंय, मी मरायला टेकले हुते तेव्हा."

"म्हणून तिनं मला बुडवायचं?"

"झोप आता."

मी झोपले नाही. पण तोंडही उघडलं नाही, कारण काकूने हे का केलं ते मला कळत नव्हतं. पंधरा दिवसांत तेही कळलं. काकूच्या हेमाचं लग्न ठरत होतं. मुलगा इचलकरंजीचा. घरचे माग, एकुलता एक.

आता सगळी गोष्ट उलगडली. काकूने चौगुलेबाईंना बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, गाठून माझं कोड सांगितलं होतं. शिवाय शेपूट जोडलं होतं, की ते माझ्या आईच्या माहेराकडून आलंय, मगदुमांचं रक्त स्वच्छ आहे. म्हणजे माझी वाट बंद आणि हेमाची मोकळी. मला मान्य करावं लागेल, काकूचं डोकं चालायचं. आमच्या घरात एवढं कुणाचं चालत नव्हतं.

फक्त एका जागी ते चालायचं राहिलं. चौगुलेबाई ही ऐकीव गोष्टीवर थांबणारी बाई नव्हती. तिने सांगलीला माझ्या आजोळी माणूस पाठवून गुपचूप चौकशी केली. तिथे सात पिढ्यांत कुणाला कोड नव्हतं. मग चौगुल्यांच्या थोरल्या आत्याने साधा प्रश्न विचारला: आईकडून आलं नाही, तर बापाकडून आलं असणार. आणि दोन्ही पोरींचे बाप तर सख्खे भाऊ. रक्त एकच.

एका संध्याकाळी काकू आमच्याकडे आली. दिवस बुडायच्या आत जेवणं उरकून आम्ही नुकतेच उठलो होतो. आई भांडी घासत होती. काकू माझ्याजवळ येऊन बसली, अगदी गुडघ्याला गुडघा लावून.

"मंदा, तुझ्याकडं एक काम हाय बाळ."

"बोल की."

"चौगुले रविवारी आमच्याकडं येणार हायत. त्यांच्या डोक्यात कुणीतरी भरवलंय, की आपल्या घराण्यात कोड हाय. तू फक्त समोर येऊन सांग. मिरजेचे डॉक्टर काय म्हणाले ते. जन्मखूण हाय म्हणून. बाईंनी बघतो म्हटलं, तर आतल्या खोलीत जाऊन जरा दाखव. तू काय परकी हायस व्हय?"

"कुणी भरवलं असंल गं काकू?"

ती जमिनीकडे बघत राहिली. "लोकांना काय, दुसऱ्याचं चांगलं बघवत न्हाई."

"त्यांना सांगितलेला डाग चार आण्याएवढा हाय. आता तो केवढा हाय, माहीत हाय तुला?"

मी उठून तिच्याकडे पाठ केली आणि लुगड्याची निरी सैल करून तिला डाग दाखवला. आईच्या हातातलं भांडं थांबलं होतं.

"चूक झाली माझी," काकू म्हणाली. "पोरीची आई हाय मी. हेमा रंगानं अशी, तिला कोण विचारतंय? मला वाटलं, तुला काय, दुसरं मिळंल."

"रविवारी येते मी," मी म्हणाले. "पण एक अट हाय. आधी तू बोलायचं. कोडाचं त्यांना कुणी सांगितलं, का सांगितलं, ते सगळ्यांसमोर तुझ्या तोंडानं सांगायचं. मग मी."

काकू रडली. मी तिला रडू दिलं. जाताना तिने मान हलवली.

रविवारी काकूच्या सोप्यात सगळे जमले. काका, आप्पा, आई, चौगुले नवराबायको आणि अजित. हेमा आतल्या दारात उभी होती. काकू सुरुवातीला दोनदा अडखळली, पण मग बोलली. पोरीसाठी आईचं तोंड उघडतं, हे मला तेव्हा बघायला मिळालं. "कोडाचं मीच सांगितलं बाई. खोटं सांगितलं. जन्मखूण हाय ती. मी माझ्या पायावर न्हाऊ घातलंय तिला, मला माहीत हाय. माझ्या हेमासाठी केलं."

काका उठून अंगणात निघून गेले. तेवढ्यावर मी समाधान मानलं असतं का? कदाचित मानलं असतं. मला तिचं तोंड खाली गेलेलं बघायचं होतं, आणि ते गेलं होतं.

पण चौगुलेबाई हिशेबाच्या पक्क्या. त्या काकूकडे बघून म्हणाल्या, "पुतणीवर असं कुभांड रचणाऱ्या बाईच्या घरातली पोर मी नेऊ व्हय?" मग त्या माझ्याकडे वळल्या आणि एकदम मऊ झाल्या. "चूक आमचीच झाली मगदूम. कोडच न्हाई म्हटल्यावर मग काय अडचण हाय? पहिली सोयरीक ती पहिली सोयरीक. साडी तर पोरीकडंच हाय."

आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. आईने माझा हात घट्ट धरला. खरं सांगते, मलाही क्षणभर तो उसाचा रस आठवला. मी अजितकडे बघितलं. इतके दिवस तो फिरकला नव्हता. तू कशी आहेस, एवढं विचारायलाही नाही. आता तो पुढे सरकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मिरजेत डाग काढून देतात म्हणे. लग्नाआधी काढून घेऊ. म्हणजे पुन्हा कुणाला बोलायला जागा नको."

"व्हय, ते बरं," चौगुलेबाई म्हणाल्या. "आधी मी एकदा आत बघून घेते."

त्या उठून आतल्या खोलीकडे निघाल्यासुद्धा. मी मागून येणार, हे त्या धरूनच चालल्या होत्या. म्हैस घेताना दात बघतात, तशी ती बाई माझी कमर बघणार होती, आणि तिचा मुलगा खराब झालेला भाग कापून मला नेणार होता. आणि माझ्या घरची सगळी माणसं आनंदाने रडत होती. मला असा संताप आला, की माझा आवाज अगदी शांत झाला.

"बघायची गरज न्हाई," मी म्हणाले. "काकू आत्ता बोलली ते खोटं हाय. आधी बोलली तेच खरं. मला कोड हाय."

आईने माझा हात सोडला.

"मंदा," आप्पा म्हणाले, "डॉक्टर तर..."

"डॉक्टरांनी तुमच्या जिवाला लागंल म्हणून तसं सांगितलं, आप्पा. तुम्ही बाहेर गेल्यावर मला एकटीला खरं सांगितलं. पसरणार म्हणाले. आणि ते आईकडून न्हाई आलेलं. तुमच्या आत्तीला होतं की. म्हणून तर ती कुणाच्या लग्नाला जायची न्हाई." आप्पांची आत्ती मी जन्मायच्या आधीच वारली होती. ती लग्नांना जायची नाही कारण तिला गुडघे दुखायचे. तिच्यावर ढकलायला मला काहीच वाटलं नाही.

चौगुलेबाई दारातच थांबल्या होत्या. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग हेमाकडे, मग काकूकडे. "तुमी आता खरं बोलताय का तेव्हा बोलला हुता?" त्यांनी काकूला विचारलं.

"आता," काकू म्हणाली. "देवाशपथ, आता. ती खोटं बोलत्याय."

"कुठली पोर सोताच्या तोंडानं असलं खोटं सांगंल?" चौगुलेबाई म्हणाल्या, आणि साडी जमिनीला लागू नये म्हणून जरा उचलून धरत बाहेर पडल्या. अजित त्यांच्यामागून गेला. त्याने एकदाही वळून बघितलं नाही, त्यामुळे मला पुढे कधी त्याची आठवण काढत बसावं लागलं नाही.

घरी आल्यावर आई म्हणाली, "आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन केलास गं."

"नाक माझं हुतं," मी म्हणाले.

आप्पा माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. नंतर बोलायला लागले, पण स्थळाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. काढूनही उपयोग नव्हता, सगळ्या तालुक्यात झालं होतं. मी शिकले, शाळेत नोकरी केली, पोरांना भूगोल शिकवला, हवं तसं जगले. आता लाल आणि काळ्या डागांवर लेझर निघालंय म्हणे, पांढऱ्यावर अजूनही फारसं काही चालत नाही. मी चौकशी केली ती आपली कुतूहल म्हणून. तो डाग आहे तिथेच आहे, तळहाताएवढा. तो पसरला नाही.

हेमाचं मला वाईट वाटलं. तिची यात काही चूक नव्हती. तिचं लग्न खूप उशिरा झालं, हुबळीकडे, जिथे आमचं नाव कुणाला माहीत नव्हतं. काकूचं मात्र मला वाईट वाटलं नाही, आणि माझा सगळा जीव निवला तो त्यानंतरच्या वर्षांत.

कारण हेमाचं लग्न जमवायचं, तर काकूला आधी माझ्यावरचा कलंक पुसणं भाग होतं. ती गल्लीगल्लीत गेली, बस्तीत गेली, हळदीकुंकवाला गेली, मयताच्या घरी गेली. प्रत्येक ठिकाणी तिने एकच गोष्ट सांगितली: मंदाला कोड नाही, जन्मखूण आहे, मी माझ्या पायावर तिला न्हाऊ घातलंय. एकेकाळी कानात कुजबुजून तिने खोटं पसरवलं होतं. आता ओरडून ओरडून खरं सांगत होती, आणि एकही माणूस विश्वास ठेवत नव्हता. घराण्याचं झाकायला सांगते बिचारी, असं बायका म्हणायच्या. कुणी मला विचारलं, तर मी नुसती हसायचे.

काकू शेवटच्या आजारात अंथरुणाला लागली, तेव्हा मी तिला बघायला गेले. खाटेभोवती बस्तीतल्या चार बायका बसल्या होत्या. काकूचा हात सुकून लाकडासारखा झाला होता, पण त्याने तिने माझं मनगट पकडलं.

"मंदा," ती म्हणाली, "आता तर हेमाचंबी सगळं झालं. मी चालले. आता तरी यांना सांग. माझ्यासमोर एकदा सांग, की मी खरं बोलत हुते."

बायका माझ्याकडे बघत होत्या. मी काकूचं पांघरूण नीट केलं, तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि त्यांच्याकडे वळले.

"काकूंचं मनावर घेऊ नका," मी म्हणाले. "त्यांनी पहिल्यापासून माझीच बाजू घेतली."